प्लास्टिकचे पत्ते चिकटतात, वाकतात, हातातून निसटतात: नवा कॅट घेण्याआधी काय काय बघायचं

लक्षणं आधी

पिसताना पत्ते सुटे होत नाहीत, दोन-दोन तीन-तीन मिळून पडतात. वाटताना वरचा पत्ता पुढे सारला की खालचाही त्याच्या पाठीला लागून जातो, आणि होल्डमच्या (प्रत्येकाला दोन पत्ते वाटायच्या पोकरच्या) डावात कुणाच्या तरी पुढ्यात दोनाऐवजी तीन पत्ते पडतात. मग डाव रद्द, पुन्हा वाटप, आणि ज्याच्या हातात एक्क्यांची जोडी आली होती त्याचा आरडाओरडा. सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण हेच.

दुसरं नेमकं उलटं. नवा कोरा कॅट हातात ठरतच नाही. थप्पी टेबलावर ठेवली की आपसूक सरकते आणि पसरते.

तिसरं, पत्ते पोट काढतात. थप्पी सपाट बसत नाही, मधे फट दिसते, एकटा पत्ता टेबलावर टाकला की गरगर फिरतो. चौथं, पाठीवर पिवळट डाग, कडांना खाचा, कोपऱ्यावरचा रंग उडालेला. पाचवं जरा विचित्र आहे: थप्पीतला पहिला आणि शेवटचा पत्ता चिकचिकीत, मधले सगळे ठणठणीत. हे पाचवं लक्षात ठेवा, त्याचं कारण वेगळं आहे.

आमच्या बेळगावात टिळकवाडीपासून शहापूर-वडगावपर्यंत ओळखीच्या ज्या ज्या घरात शनिवारी रात्री डाव बसतो, तिथले बिघडलेले कॅट फिरून फिरून माझ्याकडे येतात. तक्रारही ठरलेली: "पानं चिकटालेत की, आता कुठल्या कंपनीचा घेऊ सांग." कंपनीचा प्रश्न अगदी शेवटी येतो. माझ्याकडे आलेले बहुतेक कॅट वाईट नसतात. ते मळलेले असतात, चुकीच्या जागी ठेवलेले असतात, नाहीतर मुळात प्लास्टिकचे नसतातच. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्यापासून खर्चिकपर्यंत अशा क्रमानं लिहिल्या आहेत. क्रम सोडू नका. पुढची पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर उभी आहे.

(आमच्याकडे चिप्स म्हणून चिंचोके चालतात. पैसे लावून खेळणं हा कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ चा विषय आहे, या लिखाणाचा नाही.)

१. जोकरला विचारा

खर्च शून्य. पोकरमध्ये जोकर लागत नाही, त्यामुळे तो डब्यात कोराच राहतो. कंपनीचा छापील जाहिरात-पत्ता आत असेल तर तोही तसाच. हे पत्ते टाकून देऊ नका. कॅट नवा असताना हाताला कसा लागत होता, हे सांगणारा तेवढाच साक्षीदार तुमच्याकडे उरलेला असतो.

हात साबणानं धुऊन कोरडे करा. दोन जोकर एकमेकांवर ठेवून वरचा अंगठ्यानं हलकेच सरकवा. मग हेच बदामाच्या एक्क्यावर राणी ठेवून करा. जोकर सुळकन गेले आणि एक्का-राणी अडली, तर दोष मळाचा आहे आणि कॅट वाचणार आहे. जोकरही अडले, तर हवा किंवा मालाचा पोत, यांपैकी एक. दोन्ही सारखेच छान सरकले, तर पत्त्यांना काही झालेलं नाही. तुमचे हात किंवा तुमचं टेबल बघा.

मळ येतो कुठून हे सांगायला नको, पण सांगतो. आपल्याकडे पत्त्यांचा डाव कोरडा बसत नाही. मधे भडंगाची परात, चहाचे कप, आणि पाहुणा आला असेल तर कुंदा. कुंद्याचं तूप बोटावरून पत्त्यावर जातं, त्यावर साखर, त्यावर धूळ. भडंगात तेल आणि हळद दोन्ही. निपाणी-चिकोडीकडची मंडळी असली की त्यात आणखी एक भर पडते, ती तंबाखू मळलेल्या तळहाताची. चुन्याचे कण बारीक असले तरी खरखरीत असतात. ते पाठीवर ओरखडे काढतात आणि ओरखड्यात मळ घर करतो. तूप धुऊन निघतं, ओरखडा निघत नाही. म्हणून आमच्या टेबलावर तंबाखूवाल्यानं हात धुतल्याशिवाय पिसायचं नाही, असा नियमच आहे. त्यावरून रुसवेफुगवेही झालेत.

२. कॅट खरंच प्लास्टिकचा आहे का

ही तपासणी न करता पत्ते पाण्यात घालणारे बहाद्दर मी पाहिलेत. प्लास्टिकचा लेप दिलेले कागदी पत्ते, झगझगीत सोनेरी-काळ्या फिल्मचे 'वॉटरप्रूफ' पत्ते आणि आरपार प्लास्टिकचे खरे पत्ते, हे तिन्ही दुकानात 'प्लास्टिकचे' म्हणूनच मिळतात. डब्यावर 'प्लास्टिक कोटेड' लिहिलं असेल तर आत कागद आहे. '१०० टक्के प्लास्टिक' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नावावरही जाऊ नका. बायसिकल या ब्रँडचा सगळीकडे दिसणारा नेहमीचा कॅट कागदीच असतो. त्याच नावाखालचा प्रेस्टीज मात्र प्लास्टिकचा.

डबा हरवला असेल तर जोकर मोबाईलच्या टॉर्चपुढे आडवा धरा आणि कड बघा. कागदी पत्त्याच्या कडेला तंतू दिसतात, जुना असेल तर कड फुललेली आणि काळी पडलेली असते. प्लास्टिकची कड एकसंध, गुळगुळीत. तरी शंका राहिली तर जोकरच्या एका कडेला पाण्याचा थेंब लावा आणि चहा होईपर्यंत थांबा. कड फुगली तर कागद. कागदाला पाणी दाखवायचं नाही, कोरड्या कापडानं पुसायचं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर नवा आणायचा. कागदी कॅटला यापुढे इलाज नाही.

सोनेरी पत्त्यांबद्दल एकच सांगतो. ते बारशाला, वाढदिवसाला भेट द्यायला ठीक. पातळ, निसटते आणि फुगीर असतात, पिसताना उसळतात. त्यांच्यावर मेहनत करू नका.

३. हवा कुठली, महिना कुठला

आपल्या जिल्ह्याचं गणित चमत्कारिक आहे. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. पूर्वेला अथणीकडे मार्च महिन्यात ओठ फुटतात. एकच कॅट दोन्हीकडे नेला तर दोन्हीकडे चिकटेल, पण कारणं अगदी वेगळी.

ओल्या हवेत पत्त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो. दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये असा थर आला की ते एकमेकांना धरून ठेवतात. त्यात घामातलं मीठ मिसळलं की ते पुन्हा ओलावा ओढतं. प्लास्टिकचे पत्ते पीव्हीसीचे नाहीतर सेल्युलोज ॲसिटेटचे, अशा दोन प्लास्टिकचे असतात. पीव्हीसी स्वतः पाणी जवळपास पीत नाही, म्हणून थर पुसला की पत्ता पूर्ववत. सेल्युलोज ॲसिटेटचे पत्ते मात्र हवेतला ओलावा थोडाफार आत घेतात. ते पावसाळ्यात जरा मऊ पडतात आणि वाकायलाही तयार असतात. पावसाळ्यात डाव सुरू करण्याआधी कॅट डब्यातून काढून पंख्याखाली चादरीवर पसरून ठेवा. चहा-भडंग होईतो कोरडा होतो.

कोरड्या हवेत गोष्ट उलटी. पीव्हीसीवर घासल्यानं स्थिर वीज साठते आणि पत्ते एकमेकांना ओढतात. कोऱ्या कॅटमध्ये हे जास्त. ओळखायचं असं: वरचा पत्ता उचलताना खालचा क्षणभर लटकून राहतो आणि मग पडतो; हाताला चिकटपणा मात्र लागत नाही. उपाय म्हणजे सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्यायचं आणि एकेका पत्त्यावरून फिरवायचं. ओलाव्यानं वीज निघून जाते. टेरिलिनच्या किंवा लोकरीच्या कापडानं पुसू नका, वीज आणखी वाढेल.

४. ठेवता कशात

आता ते पाचवं लक्षण. वरचा आणि खालचा पत्ता चिकट, मधले चांगले, असं असेल तर कॅट ठेवायची पिशवी किंवा पाकीट आधी बघा. मऊ रेक्झिन आणि मऊ व्हिनाइल लवचीक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते सावकाश बाहेर झिरपतं आणि टेकलेल्या पत्त्यात उतरतं. छपाई मऊ होते, पृष्ठभाग चिकट होतो. पुसून तात्पुरतं बरं वाटतं, चार दिवसांनी पुन्हा तेच. पिशवी बदला. मूळचा कडक डबा सगळ्यात चांगला. तो फुटला असेल तर कडक प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा डबा घ्या, पण पत्ते आत उभे-आडवे लोळणार नाहीत इतका नेमका.

रबर बँड लावणाऱ्यांनी तो आजच काढावा. कडांना बारीक खाच पडते, नेमकी थप्पीच्या मध्यावर, आणि उन्हाळ्यात रबर वितळून डाग पडतो तो वेगळाच.

आणि गाडीचा डॅशबोर्ड. गोव्याला जाताना चोर्ला घाटात वेळ घालवायला पत्ते घेतात आणि परतल्यावर कॅट काचेखाली विसरतात. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, पण दाबाखाली असेल तर त्याआधीच आकार सोडायला लागतं. उन्हातल्या बंद गाडीत वाकलेला कॅट मी क्वचितच पूर्ण सरळ केलाय.

५. पुसणं, मग धुणं

जोकरनं मळ सांगितला असेल तरच इथपर्यंत या. आधी कोरडं मायक्रोफायबर कापड, चष्मा पुसायचं असतं तसं. एकेक पत्ता, दोन्ही बाजूंनी, लांबीच्या दिशेनं. निम्म्या कॅटचं काम इथेच होतं. जोकरची चाचणी पुन्हा करा.

नाही झालं तर धुवायचं. पातेल्यात कोमट पाणी, म्हणजे हात घालून ठेवता येईल असं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. अख्खी थप्पी एकदम बुडवू नका. आतल्या पत्त्यांमध्ये पाणी अडकतं आणि ते एकमेकांना असे धरतात की सोडवताना कडा दुमडतात. चार-पाच पत्ते घ्या, बोटांनी हलकेच चोळा, दुसऱ्या पातेल्यातल्या साध्या पाण्यातून काढा, सुती पंचावर मांडा, लगेच पुसा. साबणाचा अंश राहिला तर तोच पुढे चिकटतो, म्हणून दुसरं पातेलं चुकवायचं नाही. घासणी, स्क्रबर, भांड्याची पावडर यातलं काहीही नको. पृष्ठभागावरची बारीक नक्षी घासली गेली की पत्ता कायमचा चिकटतो. ते कसं, हे पुढे कंपन्यांच्या भागात सांगतो.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल: नको. ॲसिटोननं सेल्युलोज ॲसिटेट अक्षरशः विरघळतं आणि पीव्हीसी मऊ पडतं. कोरोनापासून सॅनिटायझर फवारायची सवय लागलीय, तीही इथे नको. त्यातल्या अल्कोहोलनं छपाई उडू शकते, आणि जेलवाला असेल तर मागे चिकट थर राहतो.

भडंगाच्या हळदीचा पिवळा डाग साबणानं पूर्ण जात नाही. हळदीचा रंग उजेडात फिका पडतो, म्हणून तेवढे पत्ते खिडकीत, उजेडात पण थेट तापणार नाहीत असे, काही दिवस ठेवता येतात. पण सगळा कॅट एकत्र ठेवा. दोनच पत्ते ठेवले तर त्यांच्या पाठीचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा होईल आणि नवीच भानगड सुरू होईल.

आता बोरिक पावडर. कॅरम प्रत्येक घरात असतो, डबी हाताशी असते, आणि "जरा मारली की सरकतील" म्हणणारा एक तरी काका असतोच. सरकतात की, अर्धा तास. मग पावडर घामात मिसळून तिचा लगदा होतो, पत्त्याच्या पोतात जाऊन बसतो आणि कॅट आधीपेक्षा वाईट होतो. टाल्कम पावडरचंही तेच. माझ्याकडे येणाऱ्या चिकट कॅटपैकी सगळ्यात जास्त वेळ खाणारे हेच असतात, कारण ते दोन-दोनदा धुवावे लागतात. प्लास्टिकच्या पत्त्याला कुठलीही पावडर लागत नाही.

६. टेबल

गोव्याहून परतलेला प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन येतो: "मांडवीवरच्या कॅसिनोत पानं लोण्यासारखी सरकतात, तसली पाहिजेत." पत्ते तसले आणता येतील. पण तिथे पत्त्याखाली ताणून बसवलेलं खास कापड असतं, वाटणारा पगारी आणि कोरड्या हातांचा असतो, आणि कॅट जुना झाला की भोक पाडून किंवा कोपरा कापून बाद करतात. 'फील' म्हणतात त्यातला निम्मा वाटा त्या कापडाचा आहे.

घरी बहुतेक जण सनमायकाच्या टेबलावर नाहीतर थेट फरशीवर खेळतात. त्यावर पत्ता वाटेल तिथे घसरत जातो आणि उचलताना नख घालावं लागतं. कडांच्या खाचा तिथूनच येतात. याच्या उलट टोक म्हणजे जाड सोलापुरी चादर किंवा घोंगडं: पत्ता रुततो, सरकत नाही, आणि माणूस म्हणतो कॅट चिकटतोय. मधला आणि जवळजवळ फुकटचा मार्ग म्हणजे खाली घडी घातलेलं ब्लँकेट, वर सुती चादर ताणून कडा टेबलाखाली क्लिपांनी पक्क्या. चादरीला सुरकुती नको. पत्ता बोटानं दाबला की कड आपसूक वर येते, नख लागत नाही. हे करून बघितल्याशिवाय नव्या कॅटवर पैसे घालू नका.

थोडा खर्च चालणार असेल तर रबराचा पाया असलेला खेळाचा मॅट मिळतो. तो गुंडाळून ठेवायचा, घडी घालायची नाही. घडीची रेघ जात नाही आणि पत्ता नेमका तिथेच अडतो.

७. पोट काढलेले पत्ते

सगळे एकाच बाजूला वाकले असतील तर कारण बहुधा पिसायची पद्धत. रिफल करताना, म्हणजे थप्पीचे दोन भाग वाकवून पत्ते एकमेकांत सोडताना, ते नेहमी एकाच दिशेला वाकवले की प्लास्टिक ते लक्षात ठेवतं. थप्पी सरळ करून दोन सपाट फरशांमध्ये किंवा जाड वह्यांमध्ये ठेवा, वर पाण्यानं भरलेली कळशी, आणि दोन दिवस विसरून जा. बाक जास्त असेल तर एक पत्ता सुलटा, एक उलटा अशी रचना करून ठेवा, म्हणजे बाक एकमेकांविरुद्ध येतो. इस्त्री, हेअर ड्रायर, गरम तवा हे प्रयोग करू नका. पत्ता सरळ होण्याऐवजी लहरी पडतात.

काहीच पत्ते वाकलेले असतील तर कुणीतरी आपले दोन पत्ते बघताना कोपरा पार दुमडतोय. होल्डममध्ये कोपरा जरासा उचलूनच बघायचं असतं. नाव घेऊन सांगायला संकोच वाटत असेल तर सगळ्यांनाच सांगा.

पुढे हे होऊ नये म्हणून दोन कॅट आलटूनपालटून वापरा, एक लाल, एक निळा. एक खेळात, दुसरा वजनाखाली आराम करतोय. प्लास्टिकचे पत्ते बऱ्याचदा जोडीच्या डब्यात मिळतात, त्याचा इथे फायदा होतो.

८. माप

कधीकधी पत्ते चांगले असतात, फक्त हाताला चुकीचे असतात. पोकरच्या मापाचा पत्ता ६३ मि.मी. रुंद, ब्रिजच्या मापाचा ५७. उंची दोघांची ८८. दोन पत्त्यांच्या होल्डमला कुठलाही चालतो. त्याच कॅटवर घरातले रमी खेळत असतील तर तेरा रुंद पत्ते हातात धरताना पंखा नीट होत नाही, आणि मग "हे पत्ते जाड आहेत" अशी तक्रार येते. जाड नसतात, रुंद असतात. आकड्यांचंही तसंच: मोठे आकडे वडीलधाऱ्यांना बरे, पण शेजाऱ्यालाही तितकेच बरे दिसतात.

९. खूण पडलीय का

ही तपासणी स्पर्शाची नाही, पण इथे ती टाळली तर पुढे भांडणं होतात. कॅटच्या पाठी वर करून अंगठ्यानं भराभर सोडा आणि एकाच जागी नजर ठेवा. सगळ्या पाठी सारख्या असतील तर नक्षी स्थिर दिसते. एखादी खाच, फिका कोपरा, सरकलेली पांढरी चौकट असेल तर तिथे काहीतरी हललेलं दिसतं. तो पत्ता बाजूला काढून तिरप्या उजेडात बघा.

इस्पिकच्या एक्क्यावर खाच सापडली आणि तुम्ही पोकर खेळत असाल, तर कॅट संपला. एकच पत्ता बदलून चालत नाही. दुसऱ्या कॅटमधला घातला तरी नवी-जुनी झळाळी वेगळी दिसते आणि तीच खूण होते. असा कॅट मुलांना बदाम सात आणि झब्बू खेळायला द्या. कुणी मुद्दाम खूण केली का, याचा तपास करत बसू नका. कॅट बदलला की विषय संपतो.

१०. आता कंपनी

इथपर्यंत आलात, जोकरसुद्धा अडतोय, धुऊन झालं, चादर ताणून झाली, तरी पत्ते गठ्ठ्यानं येतात. म्हणजे पोत संपला. चांगल्या पत्त्याच्या पृष्ठभागावर उठावाची बारीक नक्षी असते. नखाची कड हलकेच ओढली की बारीक खरखर लागते. त्या खाचांमध्ये हवा राहते, दोन पत्ते पूर्ण टेकत नाहीत, म्हणून सरकतात. नक्षी झिजली की दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांना धरतात. याला दुरुस्ती नाही.

नवा घेताना काय घ्यायचं हे तुमच्या हातावर आहे. मला वाटतं ते सांगतो.

केम हे १९३५ पासूनचं अमेरिकी नाव, पत्ते सेल्युलोज ॲसिटेटचे. स्पर्श मऊ, किंचित पकड असलेला, पिसताना आवाज कमी. ज्यांना कागदी पत्त्याची सवय आहे त्यांना हे पहिल्या दिवसापासून आवडतात. महाग असतात, आणि आपल्या पश्चिम भागातल्या पावसाळ्यात त्यांची काळजी घ्यावी लागते. खानापूरच्या पलीकडे राहणाऱ्याला मी केम सुचवत नाही.

कोपाग ब्राझीलचं, १९०८ साली साव पावलोत सुरू झालेलं, आता बेल्जियमच्या कार्टामुंडीच्या ताब्यात. पीव्हीसीचे. हाताला पातळ आणि चपळ लागतात, वाटायला सोपे. वर सांगितलेलं दुसरं लक्षण, कोरा कॅट हातात न ठरणं, यांच्याबाबतीत हमखास ऐकू येतं. तो दोष नाही. काही बैठका खेळलात की ठरायला लागतात. घाई असेल तर टेबलावर पालथे पसरून दोन्ही तळहातांनी गोल गोल मिसळत राहा. तळहाताचा अंश लागला की निसटणं कमी होतं. आमच्या हवेला आणि आमच्या खाण्याला मला हेच सगळ्यात सोयीचे वाटतात, कारण धुतले की झालं.

मोदियानो इटलीतल्या त्रिएस्तेचं. जाड आणि ताठ, हातात वजन जाणवतं, रिफल करताना मनगट लागतं. कोपर धरलेल्या, बोटं आखडलेल्या माणसाला देऊ नका. स्पेनमधल्या व्हितोरियाचं फुर्निये ताठपणात त्याच्या जवळ जाणारं.

आपल्याकडे बनणारे पूर्ण प्लास्टिकचे पत्तेही आता मिळतात, किंमत बरीच कमी. त्यात कॅटागणिक फरक पडतो, म्हणून दुकानदार उघडून दाखवत असेल तिथूनच घ्या. कड बोटानं तपासा, कटिंगची बारीक धार राहिली असेल तर ती पाठीवर ओरखडे काढेल. पाठीची पांढरी चौकट चारी बाजूंना सारखी आहे का बघा. ५२ पत्त्यांची थप्पी साधारण १५ ते १७ मि.मी. भरायला हवी, त्याहून फार बारीक असेल तर पत्ते लवकर पोट काढतील. एक पत्ता हलकेच वाकवून सोडा. लगेच सरळ झाला तर घ्या.

ऑनलाइन घेताना कागदी आणि प्लास्टिक यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. डबा आला की आधी क्रमांक दोनची तपासणी करा, मग बाकीचे पत्ते हाताळा, म्हणजे परत करता येईल.

कुठे थांबायचं

पिसायचं मशीन वापरत असाल आणि पत्ते त्यातच अडकत असतील, तर बॅटऱ्या बदला, आतले रबरी रोलर ओलसर कापडानं पुसा, वाकलेले पत्ते काढून घ्या. त्यातही माप जुळत नसेल तर ब्रिजच्या मशीनमध्ये पोकरचे पत्ते घालू नका. याच्यापुढे नाही. ॲडॉप्टरवर चालणारं मशीन तापत असेल, जळका वास येत असेल, मोटर गुरगुरते पण फिरत नसेल, तर प्लग काढा आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे न्या. घरी उघडू नका.

टेबलाला कायमचं कापड बसवायचं असेल तर सोफ्याचं काम करणाऱ्याला बोलवा. फोम एकसारखा आणि कापड चारी बाजूंनी सारखं ताणलेलं, हे घरी स्टेपल मारून जमत नाही. मधे झोळ पडतो आणि सगळे पत्ते तिकडेच जातात.

जुन्या ॲसिटेटच्या पत्त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला तर ते प्लास्टिक कुजतंय. धुऊ नका, बाकीच्या कॅटपासून दूर करा, टाका.

आणि आजोबांच्या पेटीतले गोल, हातानं रंगवलेले पत्ते कुणी "हेही तेवढं साफ करून दे" म्हणून आणले, तर ते मी हातात घेऊन बघतो आणि परत देतो. ती गंजिफा. दशावतारी असेल तर १२० पत्ते, वर लाखेचा थर. साबण-पाणी, मायक्रोफायबर, वजन, यातलं काहीही तिला चालणार नाही. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला न्या. तिथल्या राजवाड्यात हे काम आजही करतात, तिथल्या कारागिरांनाच विचारा. तोवर कोऱ्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि रेक्झिनच्या पाकिटात तर मुळीच नको.